मतपेटी आणि कट्टी

वसंत व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंगतीला 'प्राथमिक शाळेतील वर्गाची निवडणूक' हा विषय बसवला म्हणजे काही श्रोत्यांना हसू येणे स्वाभाविक आहे. मुलांचा खेळ तो. त्यावर तासभर काय बोलायचे? परंतु आमचे शालेय शिक्षण थोडे झाले आणि पुढचे सारे कारखान्याच्या दारावर व वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे जी गोष्ट इतरांना शाळेत फुकट मिळते, तिची किंमत आम्हांला जरा जास्त वाटते. शिवाय हा खेळ ज्या मुलखात खेळला जातो, त्या पेण-रोह्याच्या आणि एकूण रायगड जिल्ह्याच्या इतिहासाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. तो संबंध दाखवावा, एवढाच आजचा हेतू.

प्रथम हा खेळ कसा चालतो ते पाहू. जून महिन्यात शाळा उघडली, पावसाने जोर धरला, की महाराष्ट्रातील पुष्कळ प्राथमिक शाळांत, आणि आमच्या पेण-रोह्याकडील शाळांतही, शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, पोषण आहार मंत्री अशी खाती असतात. उमेदवार अर्ज भरतात. कोणाला पतंग, कोणाला छत्री, कोणाला फुगा अशी चिन्हे मिळतात. खोक्याला फट पाडून मतपेटी होते. बोटाला शाई लागते. अलीकडे काही शाळांत मोबाइलवर मतदान यंत्रासारखे बटण दाबण्याची सोयही करतात. आणि हे सारे मांडणारे गुरुजी किंवा बाई स्वतः सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केंद्रावर बसून आलेले असतात. ज्या खोलीत मूल पाढे म्हणते, त्याच खोलीत त्याचा बाप आणि आई पाच वर्षांतून एकदा मत देऊन जातात. शाळा आणि मतदान केंद्र ही आपल्या देशात बहुतेक ठिकाणी एकच इमारत आहे. हा केवळ सोयीचा भाग आहे असे कोणी म्हणेल. पण शाळा आणि मत या दोन गोष्टी आपल्याकडे इतिहासातही हातात हात घालूनच आल्या आहेत.

जुन्या शाळेत निवडणूक नव्हती, मॉनिटर होता. या मॉनिटरचा जन्मही भारतातलाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने, आपल्या गावठी शाळांतील रीत पाहून, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची पद्धत बसवली. ती इंग्लंडात गेली आणि तिथून परत आपल्याकडे आली. मुंबई इलाख्यातील आरंभीच्या मराठी शाळांतही तिचा वापर झाला. थोड्या पगारात पुष्कळ मुले सांभाळण्याची ती युक्ती होती. मॉनिटर गुरुजींनी नेमायचा. तो गुरुजींना जबाबदार, मुलांना नव्हे. आमच्या कामगार जगात याच जातीचा माणूस म्हणजे गिरणीतला जॉबर किंवा मुकादम. तोही कामगारांतूनच वर आलेला, पण नेमणूक वरून झालेली. वर्गातल्या मुलांनी आपला प्रतिनिधी स्वतः निवडावा, ही कल्पना या मॉनिटरच्या खुर्चीला लागलेला पहिला धक्का होय.

आता मताचा इतिहास. १८८२ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मे महिन्यात लॉर्ड रिपन याचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. सरकारने एक दार किंचित उघडले. जोतीरावांनी सांगितले की त्या दारातून आत यायला माणसाला अक्षर हवे. पुढे १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला.

मत मिळण्यासाठी तेव्हा मालमत्ता लागे. सारा भरणारा, कर भरणारा, पदवी असलेला, असा माणूस मतदार. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमराव आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट पुष्कळ खाली आणावी असे सांगितले. शिक्षण आणि लोकशाही यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जॉन ड्यूई यांच्या हाताखाली ते न्यूयॉर्कला शिकून आले होते. १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मत द्या, अशी मागणी केली. तेव्हा उत्तर ठरलेले असे : आधी लोक शिकू देत, मग मत. स्वतंत्र भारताने हा क्रम उलटा केला. १९५१ च्या जनगणनेत शंभरांपैकी जेमतेम अठरा माणसे साक्षर होती, आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेले. चिठ्ठी त्या पेटीत टाकली की मत झाले. अक्षर न ओळखणाऱ्या माणसावर राज्याने विश्वास टाकला. वर्गातली पतंग-छत्रीची चिन्हे ही त्या विश्वासाची आठवण आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे.

येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पण आमच्या जिल्ह्याचा इतिहास एवढ्यावर थांबू देत नाही. त्यातल्या चार गोष्टी अशा आहेत की त्या ध्यानात न घेता वर्गात मतपेटी मांडली, तर मुले निवडणूक शिकतील, पण लोकशाही शिकणार नाहीत.

पहिली गोष्ट महाडची. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांना मारहाण झाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला तो ठराव रद्द केला. हे पुन्हा वाचून पाहावे. तळे खुले करणारा ठराव नगरपालिकेचा आणि तो मागे घेणाराही नगरपालिकेचाच. सभा भरली, ठराव झाला, इतिवृत्त लिहिले गेले. रीत सारी पाळली. तरीही माणसाचे पाणी पिणे हा ठरावाचा विषयच नव्हता. न्यायालयात हे प्रकरण दहा वर्षे चालले आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

वर्गापुरते याचे तात्पर्य सोपे आहे. सहल कोठे न्यायची, फळ्यावर सुविचार कोणी लिहायचा, खेळाचा तास कोणता, हे मताला टाकावे. कोणी कोणाशेजारी बसावे, कोणी माठातले पाणी घ्यावे, कोणी खिचडी वाढावी, हे मताला टाकू नये. चाळीसांपैकी एकोणचाळीस हात वर आले तरी चाळिसाव्याचा पेला काढून घेता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळते. किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

दुसरी गोष्ट गावकीची. कोकणातल्या गावात गावकीचा निर्णय एकमुखी असतो, असे आपण कौतुकाने सांगतो. सण, देवाची पालखी, विहिरीची डागडुजी, कोणाचे मयत, या सर्व वेळी गावकी उभी राहते. तिचे उपकार आम्ही विसरत नाही. पण हा एकमुखीपणा पुष्कळदा कसा टिकतो? जो वेगळे बोलेल त्याला वाळीत टाकून. त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याच्या लग्नाला जायचे नाही, त्याच्या घरच्या मयताला खांदा द्यायचा नाही. आमच्या रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या आल्या की जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले. गावकीच्या मनाविरुद्ध निवडणुकीला उभे राहणे, हेही त्यांपैकी काही प्रकरणांत कारण होते.

या वाळीतीविरुद्ध कायद्याची वाटही सोपी गेली नाही. डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेच्या काळातच सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, असे मांडले होते. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृतीविरुद्ध कायदा केला, तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर टिकला नाही. त्यानंतर अर्ध्या शतकाने महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

कायदा झाला, हे चांगलेच. पण वाळीत टाकण्याची पहिली शाळा कोणती? श्रोत्यांनी आपले बालपण आठवावे. 'तू त्याला मत दिलेस ना? मग तुझी-माझी कट्टी.' करंगळी पुढे करून म्हटलेला हा शब्द गोड वाटतो. परंतु चार जणींनी मिळून एकीशी कट्टी केली, तिला डबा खायला एकटे बसवले, खेळात घेतले नाही, की ती गावकीच झाली. फक्त वय लहान. निवडणुकीनंतर वर्गात हमखास कट्ट्या होतात, हे कोणतेही गुरुजी सांगतील. म्हणून आमचे म्हणणे असे की वर्गातल्या निवडणुकीचा खरा धडा मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. हरलेला उमेदवार आणि त्याला मत देणारी मुले त्या दिवशी कोठे बसली, कोणाबरोबर जेवली, हे बाईंनी पाहिले आणि त्यावर वर्गात दोन शब्द बोलल्या, तर कायद्याच्या तीन वर्षांच्या शिक्षेने जे साधणार नाही ते साधेल.

कट्टी टाळण्याचा दुसरा उपाय म्हणजे गुप्त मतदान. काही ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी हात वर करून निवडणूक उरकतात. आम्हां कामगारांना हात वर करण्याचा अनुभव मोठा आहे. आमच्या जिल्ह्यातील एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, पगारवाढीच्या मसुद्यावर आवारातच हात वर करायला सांगितले होते. साहेब लोक बाजूला उभे होते. सगळे हात वर गेले. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर त्यांतलेच निम्मे लोक मसुद्याला शिव्या देत होते. युनियनने आठ दिवसांनी चिठ्ठ्या वाटून, पेटी ठेवून मत घेतले, तेव्हा तोच मसुदा पडला. माणसे तीच, मसुदा तोच. मधे फक्त एक पुठ्ठ्याची पेटी आली होती. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात गिरणी-गिरणीच्या समित्या उभ्या राहिल्या, त्यांचे महत्त्व याच कारणाने होते : जॉबरच्या तोंडून बोलणारा कामगार प्रथमच आपल्या तोंडाने बोलू लागला. मूलही बाईंच्या डोळ्यांदेखत हात वर करताना बाईंकडेच पाहते. त्याला आडोसा द्यावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच मातीतल्या थोर माणसाच्या नावाने येईल. पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ ही त्यांची जन्मतारीख. विनोबांना बहुमताचे राजकारण मान्य नव्हते. गावाने सर्वसंमतीने निर्णय घ्यावा, पक्ष नसावेत, असे ते सांगत. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमच्या सेवाग्राम येथील शाळेत मुलांची आमसभा भरे आणि मुले स्वयंपाक, सफाई अशा कामांसाठी आपले मंत्री निवडत. तेथे मंत्री म्हणजे अधिक राबणारा. मग चौथीच्या मुलांना एकमेकांविरुद्ध उभे करून फूट पाडायची कशाला?

या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो आम्ही बाजूला सारीत नाही. प्रचाराचे ढोल, चॉकलेटे वाटणे, हे अनुकरण वर्गात नकोच. पण विनोबांची सर्वसंमती आणि गावकीचा एकमुखी कौल या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत. विनोबांच्या सर्वसंमतीत एकट्या माणसाचा नकार ऐकण्यासाठी सर्व थांबतात. गावकीच्या एकमतात एकट्या माणसाला गप्प बसवून सर्व पुढे जातात. हल्ली 'बिनविरोध' शब्दाला मान आहे. पण २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या, कारण तेथे सरपंचपदाचा लिलाव झाला होता. बिनविरोध म्हणजे प्रेम की बोली, हे मतपेटी नसेल तर कसे ओळखणार? तेव्हा वर्गाने आधी सर्वसंमतीचा प्रयत्न जरूर करावा. एक जरी मूल म्हणाले, 'मला दुसरा हवा', तरी पेटी मांडावी आणि त्या मुलाला शाबासकी द्यावी.

तिसरी गोष्ट रोह्याची. चिंतामणराव देशमुख यांना रोहेकर आपले मानतात, आणि ते योग्यच आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १९५६ साली मुंबई शहर महाराष्ट्राबाहेर ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. ज्यांनी निवडून दिले त्यांच्याशी आपले नाते कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी खुर्ची सोडून दिले. वर्गातला स्वच्छतामंत्री बहुधा काय करतो? जूनमध्ये बिल्ला लावतो, फोटो निघतो, आणि मार्चपर्यंत त्याला कोणी काही विचारीत नाही. हे नाटक होय. महिन्यातून एकदा वर्गाने त्याला उभे करावे : झाडूंचे काय झाले, मुतारीत पाणी का नाही? त्यालाही विचारण्याचा अधिकार असावा, की पाण्याची टाकी भरत नाही हे मी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितले, उत्तर का मिळत नाही? उत्तर मिळालेच नाही तर त्याने राजीनामा द्यावा आणि कारण फळ्यावर लिहावे. अशी एक घटना शाळेत घडली तर नागरिकशास्त्राचे दहा धडे एका दिवसात होतील.

लोकांना खराखुरा प्रश्न विचारला म्हणजे काय होते, याचे उदाहरण पेणमध्येच आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचा कौल २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाच्या यंत्रणेने घेतला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी या लढ्याला बळ दिले होते. मते जमीन देण्याच्या विरुद्ध पडली, आणि तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. कोणता पक्ष, कोणता पुढारी, हे त्या दिवशी शेतकऱ्याला विचारले नव्हते. तुझ्या भातशेतीचे काय करू, हे विचारले होते. त्या २२ गावांतल्या शाळांत तेव्हा चौथीत असलेली मुले आज पंचविशीच्या आसपासची मतदार आहेत. मत म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकवावे लागले नसेल.

चौथी आणि शेवटची गोष्ट मतदार यादीची. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होताना देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहवले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे घेण्यास नकार दिला. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क १९२१ पासून, मर्यादित का होईना, मिळालेला होता; तरी देशाच्या पुष्कळ भागांत बाईला अजून नावच नव्हते. आज वर्गात मुलीचे नाव हजेरीवर आहे, ती उभी राहते, निवडूनही येते. मोठी मजल आहे ही.

पण यादीतून गळणारे अजून आहेत. आमच्या पेण-रोह्याच्या डोंगरकडेला कातकरी वाड्या आहेत. पावसाळा संपला, दिवाळी झाली, की यांतली कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला जिल्ह्याबाहेर जातात. मुले बरोबर जातात. जूनमध्ये ज्या कातकरी मुलाला वर्गाने आरोग्यमंत्री केले, तो डिसेंबरात वर्गात नसतो. त्याची जागा रिकामी म्हणून पोटनिवडणूक घ्यावी काय? आमचे उत्तर असे की घेऊ नये. त्याचे काम दुसऱ्याने तात्पुरते पाहावे. नाव फळ्यावर त्याचेच राहू द्यावे. तो पावसाच्या तोंडावर परत येईल, तेव्हा आपले नाव तेथे आहे हे त्याला दिसले पाहिजे. कदाचित त्या एका नावामुळे तो पुन्हा शाळेत येईल. आणि वर्गातील इतर मुले विचारतील, 'आमचा आरोग्यमंत्री कुठे गेला? का जावे लागले?' हा प्रश्न मुलांच्या तोंडून निघणे, यापेक्षा मोठे राज्यशास्त्र आम्हांला ठाऊक नाही. वीटभट्टीवरील उचलीचा, मजुरीच्या दराचा, मुलांच्या वसतिगृहाचा सारा प्रश्न त्या एका रिकाम्या जागेत सामावलेला आहे.

श्रोतेहो, १९८८ च्या घटनादुरुस्तीने मताचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्याहून खाली ते आणा, असे आम्ही म्हणत नाही. चौथीतल्या मुलाला राज्य चालवायचे नाही. पण माणसाशी कसे वागायचे, हे त्याला अठराव्या वर्षी नव्हे, नवव्या वर्षीच ठरवायचे असते. या जूनमध्ये आपापल्या गावच्या, आळीच्या शाळेत निवडणूक होईल. पालक म्हणून जा. निकालाच्या दिवशी हारतुरे घेऊन जाऊ नका, आठवड्याने जा. हरलेला मुलगा खेळात आहे का, जिंकलेल्या मुलीला काही काम दिले आहे का, आणि हजेरीतले जे नाव वर्गात दिसत नाही ते मूल कोठे आहे, एवढे तीनच प्रश्न विचारा. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही तर शाळेबाहेर पडून वाडीची वाट धरा. शाळेच्या कामाला तेवढा हातभार लावणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.